खुराड्यातली नवी खोती

कोकणातील अल्पभूधारकावर संकट कोसळले की त्याला द्यावयाचा एक सल्ला सरकारी कचेऱ्यांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत कायमचा तयार असतो : जोडधंदा करा, कोंबड्या पाळा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीचा किनारा झोडपून काढला, आंजर्ल्याच्या वाड्यांतील माड-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये मदत जाहीर केली. ज्याची वाडी दहा गुंठ्यांची, त्याच्या वाट्याला या हिशेबाने पाच हजार रुपये येतात. नवा माड फळाला यावयास सहा-सात वर्षे लागतात. मधल्या वर्षांत त्या घराने खायचे काय, या प्रश्नाला कोंबडीचे उत्तर मिळाले नसते तरच नवल.

सल्ला मुळात वाईट नाही. कोंबडी कोकणातील कष्टकऱ्याच्या घराला परकी नाही. दाराशी चार-पाच कोंबड्या असाव्यात, खुडुक बसलेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत, एकविसाव्या दिवशी पिल्ले निघावीत, त्यांतली निम्मी घारीने आणि मुंगसाने न्यावीत, उरलेल्यांतून घरच्या बाईचा हातखर्च सुटावा, ही जुनी रीत आहे. तीत पैसा फारसा मिळत नाही, पण गुंतलेलाही नसतो. जोडधंद्याचा सल्ला मात्र या चार कोंबड्यांविषयी नसतो. तो विकतची पिल्ले, विकतचे खाद्य आणि विकतचे औषध यांविषयी असतो. येथून पुढे जोखीम सुरू होते, आणि ती कोणाच्या डोक्यावर ठेवली जाते, याबद्दल सल्लागार अवाक्षर काढीत नाहीत.

आंजर्ल्यातील दहा गुंठ्यांच्या एखाद्या घराने हा धंदा नव्याने आरंभिला आहे, असे समजू. एका दिवसाच्या पिल्लांना पहिला आठवडा सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. ती ऊब विजेच्या दिव्याने द्यायची. पावसाळ्याच्या रात्री वीज गेली की पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, आणि सकाळी खालची गुदमरून मेलेली सापडतात. नवशिक्याचा पहिला धडा हा असतो. दुसरा धडा जमिनीवरच्या तुसाचा. कोकणच्या दमट हवेत भाताच्या तुसाची गादी ओली राहते, तिचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो, आणि रक्ती हगवण सुरू होते. पोत्यातल्या खाद्याला बुरशी लागते. ते फेकून द्यावे तर पैसा जातो, घालावे तर पक्षी जातो.

तिसरा धडा मानमोडीचा. या रोगाला लस आहे आणि ती महाग नाही. अडचण वेगळीच आहे. लशीची कुपी सहसा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल अशी येते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा तयार केली की दोनेक तासांत संपवावी लागते. पंचवीस कोंबड्यांच्या घराने ती आणायची कशी? आणली, तरी शेजारच्या अंगणातील कोंबड्यांना टोचले नसेल तर रोग काही कुंपण विचारून आत येत नाही. म्हणजे जी गोष्ट साऱ्या वाडीने एका दिवशी करावयाची, ती प्रत्येक घराने आपापल्या 'उद्यमशीलते'वर करावी, अशी ही व्यवस्था आहे. मग कोंबड्या मेल्या की म्हणायचे, शेतकऱ्याला धंदा जमला नाही!

आता थोडा हिशेब. पंचवीस कोंबड्यांपैकी पाच पहिल्या वर्षी गेल्या, उरलेल्या वीस कोंबड्यांनी वर्षाला प्रत्येकी १२० अंडी दिली आणि अंड्याला दहा रुपये मिळाले, असे धरू. एकूण २४,००० रुपये झाले. पंचवीस पक्ष्यांना दिवसाला शंभर ग्रॅमप्रमाणे वर्षाला नऊशे किलोंहून अधिक खाद्य लागते. निम्मे त्यांनी वाडीत टिपून खाल्ले आणि निम्मे चाळीस रुपये किलोने विकत घेतले, तर सुमारे १८,२५० रुपये गेले. उरले ५,७५०. पिल्लांची किंमत, वीज, लस, खुराड्याची डागडुजी यांपैकी काहीही यात धरलेले नाही. सकाळी खुराडे उघडण्यापासून संध्याकाळी कोंबड्या डालण्यापर्यंत रोज दोन तास काम धरले, तर वर्षाचे ७३० तास होतात. तासाला आठ रुपयेही पडत नाहीत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला सदतीस रुपये होती. खडी फोडणाऱ्या मजुराच्या पाचव्या हिश्श्याने राबणारी ही व्यक्ती कोण? बहुतेक घरांत ती बाई असते. प्रकल्प अहवालात पिल्लांचा रकाना असतो, खाद्याचा असतो, बाईच्या श्रमांचा मात्र नसतो. तो रकाना गाळला, म्हणूनच अहवालातील धंदा नफ्यात दिसतो.

यावर शासनाचे उत्तर अनुदान हे असते. २०२१ साली सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनास पन्नास टक्के, कमाल २५ लाख रुपये भांडवली अनुदान ठरले. पण त्यासाठी पैदाशीच्या किमान एक हजार कोंबड्या हव्यात. दहा गुंठेवाल्याने हजार पक्षी ठेवायचे कोठे, आणि उरलेले निम्मे भांडवल आणायचे कोठून? राज्याच्या योजनेत लहान गट आहेत, २५ तलंगा व ३ नर अशा गटाचे वाटपही होते. परंतु पक्षी दिले की योजनेचे कर्तव्य संपते. राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चार : पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर. चारही घाटावर. परसातील कोंबडी हा किरकोळ विषय आहे म्हणून असे होते, असेही नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटी पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातले होते, आणि २०१२ च्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यापारी कुक्कुटपालनाची वाढ साडेचार टक्केच होती. संख्या आहे, आवाज नाही. २०२१ साली सोयापेंड महागली तेव्हा मोठ्या उद्योगाचे गाऱ्हाणे दिल्लीला पोहोचले आणि केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. मराठवाड्यातील सोयाबीनवाल्याच्या दरावर त्याचे काय होईल, हा विचार गौण ठरला. आंजर्ल्याच्या बाईचे गाऱ्हाणे दापोलीपर्यंतही जात नाही.

एक-दोन वर्षे असे हात पोळलेल्या नवशिक्यापुढे मग कराराचा मार्ग ठेवला जातो. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे; शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणे शेतकऱ्याचे. चाळीसेक दिवसांनी पक्षी कंपनी नेते आणि किलोमागे संगोपन शुल्क देते. या पद्धतीचे समर्थक सांगतात की बाजारभावाची जोखीम कंपनी घेते, शेतकरी सुरक्षित राहतो. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पिल्लू निकृष्ट निघाले, खाद्य हलके निघाले, तर वजन भरत नाही आणि शुल्क शेतकऱ्याचे कापले जाते. पुढची तुकडी केव्हा टाकायची हे कंपनी ठरवते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी आवई उठली, चिकनचे भाव कोसळले. अशा वेळी रिकाम्या शेडच्या कर्जावरचे व्याज कंपनी भरीत नाही. भावाची जोखीम तिची. कर्जाची आणि रिकाम्या दिवसांची त्याची.

कोकणाने ही रचना पूर्वी पाहिली आहे. जमीन खोताची, घाम कुळाचा, आणि पिकाचे माप घेणारा हात पुन्हा खोताचाच. त्या मापाविरुद्ध १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे संप केला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ साली कायद्याने खोती गेली. आज फरक इतकाच की जमीन आणि शेड राबणाऱ्याच्या नावावर आहे, आणि म्हणून कर्जही त्याच्याच नावावर आहे. वजनाचा काटा मात्र परक्याचा आहे.

दुसरा मार्ग कागदावरचा नाही. मध्य प्रदेशात केसल्याच्या आदिवासी स्त्रियांनी सहकारी कुक्कुटपालन उभे केले. तेथेही एकेक बाई काही शे पक्षी आपल्या शेडमध्ये वाढवते. तेथेही पिल्ले, खाद्य आणि औषध बाहेरून येते आणि तिला संगोपनाचे पैसे मिळतात. पद्धत करारासारखीच आहे. पण खाद्य आणणारी, पशुवैद्यकीय मदत पुरवणारी आणि माल विकणारी संस्था त्या स्त्रियांच्या मालकीची आहे. तोट्याची तुकडी एकीवर पडत नाही, साऱ्याजणींत वाटली जाते. प्रश्न कोंबडीचा नव्हता, मालकीचा होता.

आंजर्ल्याच्या वाड्यांसाठी मागण्या अवघड नाहीत. लसीकरणाचा दिवस ठरलेला असावा आणि कुपी घराची नव्हे, वाडीची असावी. ऊब द्यावयाचे पहिले काही आठवडे अनुभवी गटाने सांभाळावेत आणि नवशिक्याच्या हाती तगलेले पिल्लू यावे. शेजारच्या हर्णै बंदरातील टाकाऊ मासळी आणि गिरण्यांतील कोंडा-कणी यांपासून सहकारी तत्त्वावर खाद्य तयार व्हावे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, मिश्रणाचे प्रमाण त्याने द्यावे. करार करावयाचाच असेल तर तो मराठीत लेखी असावा, वजन शेतकऱ्यासमोर व्हावे आणि रिकाम्या शेडची भरपाई मिळावी. अनुदानाची अट हजार पक्ष्यांवरून पंचवीस पक्ष्यांच्या चाळीस घरांवर यावी. हजार तेथेही भरतात. आणि खाते घरातील पुरुषाच्या नव्हे, खुराडे उघडणाऱ्या बाईच्या नावावर असावे.

यांपैकी काहीच करावयाचे नसेल, तर निदान तो सल्ला तरी देऊ नये. आधीच उघड्यावर पडलेल्या घराला एकट्याने जोखीम घ्यावयास सांगणे आणि त्याला स्वावलंबन म्हणणे, ही दोन्ही कामे शासनाला शोभणारी नाहीत.