घरचे बियाणे

माझी निवृत्ती ३१ मार्च २०२०ची. टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बँका अत्यावश्यक सेवा म्हणून उघड्या होत्या, पण निरोपसमारंभ काही अत्यावश्यक सेवेत मोडत नाही. सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर शाल नाही, श्रीफळ नाही, ‘साहेबांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली’ असे सांगणारे भाषणही नाही. किल्ल्यांचा जुडगा सहकाऱ्याच्या हाती दिला, रजिस्टरवर सही केली आणि तोंडाला रुमाल बांधून चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात चहाचा कप घेऊन गच्चीत उभा राहिलो, तेव्हा समोर एक वाळलेली तुळस, रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आणि कितीही खर्च केला तरी न संपणारा वेळ, एवढीच शिल्लक होती.

भाजीवाला चार-चार दिवस फिरकत नव्हता. सौ. म्हणाली, “अहो, कथा-कादंबऱ्यांतून शेतकऱ्यांवर इतकं लिहिलंत, आता निदान कोथिंबीर तरी पेरा.” टोमणा वर्मी लागला. खालच्या बागेतून माती आणली, बादल्यांना तळाशी भोके पाडली आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर धणे आणि मूठभर मेथ्या घेऊन माझ्या शेतीचा श्रीगणेशा केला.

मेथीने माझी लाज राखली. चौथ्या दिवशी माती फोडून तिने दोन-दोन पाने वर काढली. धणे मात्र पंधरा दिवस ढिम्म. मग लक्षात आले की अख्खा धणा म्हणजे प्रत्यक्षात दोन बिया. तो हलक्या हाताने रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि मग पेरायच्या. आईला हे करताना लहानपणी शंभर वेळा पाहिले होते. पाहिलेले आणि शिकलेले यात किती अंतर असते, हे साठाव्या वर्षी कळले.

पुढचे सगळे असेच चुकत-माकत झाले. मिरचीची रोपे तरारून आली आणि एका सकाळी मातीलगत कंबरडे मोडल्यासारखी आडवी पडली. ही ‘रोपमर’. कारण अतिप्रेम, म्हणजे जास्त पाणी आणि दाटीवाटीची पेरणी. भेंडीने पन्नासाव्या दिवशी पहिली शेंग दिली. दुधीला फुले आली, पण सानुली फळे पिवळी पडून गळू लागली. दुधीचे पांढरे फूल उमलते संध्याकाळी, त्याच्याकडे येतात ते रात्रीचे पतंग, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत ते पुरेसे येत नसावेत. मग दिवेलागणीला मीच नरफूल तोडून मादीफुलाला टेकवू लागलो. शेजारच्या काकू कठड्यावरून पाहत होत्या. “या वयात हे काय आता?” म्हणाल्या. पण दुधी धरला आणि त्यातला अर्धा त्यांच्याकडेच गेला.

त्या वर्षी सर्वांत देखणे आले ते टोमॅटो. दुकानातून आणलेले पाकीट संकरित वाणाचे होते. एकसारखी, लालबुंद, गोल गरगरीत फळे. त्यातले सर्वांत चांगले फळ मी बियांसाठी राखले. गर दोन दिवस पाण्यात आंबवला, बिया धुऊन सावलीत वाळवल्या, कागदावर तारीख घालून ठेवल्या. दुसऱ्या वर्षी त्या पेरल्या. एका झाडाला बोराएवढी फळे लागली, एकाची आंबट, एकाचे झाड नुसतेच उंच वाढले. माझी चूक काहीच नव्हती. संकरित बियाणे दोन वेगळ्या जातींच्या आईबापांचे असते. पहिल्या पिढीत दोघांचे गुण एकत्र येतात आणि पुढच्या पिढीत ते पुन्हा पांगतात. मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरून हे १८६६ सालीच लिहून ठेवले आहे. म्हणजे दर वर्षी तसलेच फळ हवे तर दर वर्षी नवे पाकीट घ्यायचे.

त्या आंबट टोमॅटोसमोर बसलो असताना मला एक बाई आठवल्या, आणि खरे सांगायचे तर हा लेख त्यांच्यामुळेच लिहितो आहे.

साल १९८८. सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत मी पीककर्जे वाटत होतो. तेव्हा पीककर्जाचा एक भाग रोख आणि एक भाग वस्तुरूपाने असे. बियाणे-खतांची रक्कम आम्ही थेट दुकानदाराला देत असू, म्हणजे पैसा शेतीऐवजी लग्नकार्यात जाऊ नये. हेतू चांगलाच होता. एक विधवा बाई समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सायेब, बियाणं घरचं हाय. जोंधळ्याचं गाडगं भरून ठिवलंय. दुकानाचं पैसं मला खुरपणीला द्या की.” मी नियम दाखवला. बिल नाही तर रक्कम नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग अंगठा उमटवून दुकानाची चिठ्ठी घेऊन गेल्या.

पीक उत्तम आले. कर्ज वेळेवर फिटले. माझ्या कागदावर ती आदर्श कर्जदार होती. पुढच्या वर्षी पाहणीला गेलो तेव्हा सहज विचारले, “घरचं बियाणं या वर्षी पेरणार का?” त्या म्हणाल्या, “ते किडलं की सायेब. पेरलंच न्हाई तर कुठनं ऱ्हाणार?”

त्या रागावल्या नव्हत्या. म्हणूनच ते वाक्य मी पस्तीस वर्षे विसरलो नाही. त्यांच्या सासूने, सासूच्या सासूने राखलेला तो जोंधळा कोणता होता, कणसाचा आकार कसा होता, भाकरीला चव कशी होती, मला ठाऊक नाही. आता कोणालाच ठाऊक नसेल. माझ्या सहीने काढलेल्या एका बिलाने तो संपला.

इथे कोणी मला संकरित बियाण्यांचा शत्रू ठरवू नये. ज्वारीचा सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित वाण १९६४ साली आला, आणि १९७२च्या दुष्काळातून बाहेर पडणाऱ्या महाराष्ट्राने ‘हायब्रीड’ हा शब्द घरोघरी नेला. त्या ज्वारीच्या भाकरीला नाके मुरडणारे पुष्कळ होते, पण तिने पोटे भरली हेही खरे. आणि ‘देशी’ या शब्दाचाही फार डौल मिरवू नये. मिरची, टोमॅटो, बटाटा हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्याकडे उतरली. पण परक्या मिरचीची लवंगी आणि संकेश्वरी कोणी केली? दर वर्षी आपल्या मातीत, आपल्या पावसात जे झाड चांगले आले त्याचे बी बाजूला काढणाऱ्या बायाबापड्यांनी. नवे आले याचे मला दुःख नाही. नवे येताना जुने राखण्याची सोय आपण ठेवली नाही, उलट ते राखणाऱ्याला अडाणी ठरवले, याचे आहे.

ती सोय कोणी केली तर शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईने. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या गावठी बिया गोळा केल्या, मडक्यांत राखल्या, वाटल्या, आणि बायफ संस्थेच्या मदतीने गावात बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. २००१ सालच्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकता येत नाही. पण हक्क कागदावर टिकला म्हणून बी टिकत नाही. ते दर एक-दोन वर्षांनी मातीत जावे लागते.

याची प्रचीती मला घरातच आली. आई २०१७ साली गेली. तिची ट्रंक गावाहून आणली होती, पण उघडण्याचा धीर झाला नव्हता. २०२१च्या मे महिन्यात उघडली. लुगड्यांच्या खाली बोर्नव्हिटाचा जुना डबा निघाला. आत चुलीची राख, आणि राखेत चौदा बिया. परसातला वेलघेवडा. हा श्रावण घेवडा नव्हे, वालाच्या कुळातला, जांभळ्या कडेच्या रुंद शेंगांचा. आमच्या लहानपणी हिवाळाभर ताटात तोच असे आणि आम्ही कुरकुरत तो खात असू.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर सगळ्या चौदा पेरल्या. उगवल्या तीन. त्यातले एक रोप गोगलगायीने खाल्ले. उरलेले दोन वेल मात्र असे सुटले की गच्चीचा कठडा, कपडे वाळत घालायची दोरी, शेजारच्या काकूंची खिडकी, काही सोडले नाही. पण फूल नाही. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र आले. सौ. म्हणाली, “अहो, हा भाजीचा वेल आहे की शोभेचा?” सोसायटीच्या सेक्रेटरींनी “डास होतात” अशी लेखी तक्रार दिली. कात्री हातात घेऊन मी दोनदा वेलापाशी गेलो आणि परत आलो.

कारण मध्यंतरी एक गोष्ट वाचून कळली होती. या गावठी घेवड्याला फूल धरण्यासाठी दिवस लहान व्हावे लागतात. त्याला तुम्ही कितीही खत घाला, रात्र पुरेशी मोठी झाल्याखेरीज तो फुलत नाही. दसरा झाला, आणि एका सकाळी पानांतून जांभळे तुरे वर आले. मग आला मावा. साबणाचे पाणी फवारले, राख उधळली. दिवाळी संपता संपता शेंगा लोंबू लागल्या.

पहिल्या शेंगा खायच्या नाहीत, हा आईचा नियम. बुडाकडच्या, भरदार, निरोगी वेलावरच्या शेंगा खूण बांधून वाळेपर्यंत तशाच ठेवायच्या. भाजी नंतरच्यांची. त्या वर्षी आम्ही भाजी एकदाच केली. मी कुरकुरलो नाही.

बी चाळीस-एक निघाले. बँकेची सवय जात नाही. लहान पाकिटे केली, प्रत्येकात चार बिया, वर तारीख आणि नाव. धाकटा भाऊ, शेजारच्या काकू, दोन जुने सहकारी आणि तक्रार करणारे सेक्रेटरी यांना एकेक दिले. अट एकच, पुढच्या वर्षी आठ बिया परत. शेकडा शंभर व्याज. एका सहकाऱ्याचे खाते त्याच वर्षी बुडीत गेले, बायकोने बिया आमटीत टाकल्या.

२०२३ साली आमच्या गच्चीच्या गळतीचे काम निघाले. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या बादल्या हलवाव्या लागल्या. घरात राखलेल्या बियांना भुंगा लागला, डब्यात पीठ आणि भोके. त्या दुपारी मी आईला दुसऱ्यांदा गमावल्यासारखा बसलो होतो. संध्याकाळी सेक्रेटरी आले. हातात माझेच पाकीट, आत आठ बिया. “तुमचं व्याज द्यायचं राहिलं होतं,” म्हणाले. त्यांच्या खिडकीत तो वेल फुलला होता आणि मला पत्ताच नव्हता.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की मौल्यवान वस्तू कुलपात ठेवा. बियाणे ही एकच ठेव अशी पाहिली, की जी कुलपात सडते आणि वाटली तर सुरक्षित राहते.

तेव्हा या रविवारी आपल्यालाही एवढेच सुचवायचे आहे. पाच-सहा तास ऊन येणारी खिडकी असली तरी पुरे. माती, चांगले कुजलेले खत आणि नारळाचा भुसा सारख्या मापाने घ्या. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरा, त्याहून नको. ओल बोटाने तपासून मगच पाणी घाला. गच्ची असली तर वजनाचा विचार करा, वीस लिटरची ओली बादली पंचवीस-तीस किलो भरते. सुरुवात मेथी, कोथिंबीर, भेंडी, घेवडा यांनी करा, पुदिना मात्र बियांऐवजी काडी खोचून लावा. बी राखायला घेवडा सर्वांत सोपा, कारण त्यात परक्या परागाची भेसळ फारशी होत नाही. मिरची आणि दुधी शेजाऱ्याशी पटकन संकर करतात. बी दाताखाली ‘कट्’ वाजेल इतके वाळवा, राखेत ठेवा, आणि त्याच वर्षी किमान दोन घरी द्या.

आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर आज दुपारीच विचारा, की परसात काय लावत होतात आणि त्याचे बी कोणाकडे मिळेल. मी त्या बाईंना जोंधळ्याचे नाव विचारले नव्हते. त्यांच्या गावी गेल्या वर्षी जाऊन आलो. घराला कुलूप होते. कठड्यावर शेजारणीने वाळत घातलेल्या शेंगा होत्या. मी माझ्या पिशवीतून एक पाकीट काढून तिच्या हाती दिले आणि अट सांगितली. ती हसली आणि आत जाऊन कागदाच्या पुडीत बांधलेले दोडक्याचे बी घेऊन आली. यंदा ते उगवले आहे.