वर्गाबाहेर उभी असलेली मुले

शाळा सुरू होऊन महिना उलटतो न उलटतो, तोच प्रत्येक वर्गातील एखाददुसऱ्या मुलावर ‘द्वाड’ असा शिक्का बसतो. वृत्तपत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे अध्यापन केले आणि असे शिक्के आम्हीही मारले आहेत. धडा वाचावयास उभा राहिला की दुसऱ्याच परिच्छेदात खिडकीबाहेर हरवणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याला आम्ही कितीदा दाराबाहेर उभे केले याची मोजदाद नाही. आठवीत त्याने शाळा सोडली. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे ज्यास आज ‘एडीएचडी’ म्हणतात, तो विकार त्याला होता की नाही हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु तशी शंका घेण्याइतकेही ज्ञान आमच्या प्रशिक्षणाने आम्हांस दिले नव्हते.

‘आमच्या वेळी असले रोग नव्हते,’ हे म्हणणे खरे नव्हे. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन १९०२ सालीच केले होते. आपल्याकडे ती मुले शाळेतून गळत, म्हणून दिसत नसत, इतकेच.

या विकारास रक्ताची तपासणी नाही. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी आढळणारी असावी लागतात. म्हणजे शिक्षकाच्या साक्षीवाचून डॉक्टरांचे निदान लंगडेच! आणि नेमके हे दोघेच परस्परांशी बोलत नाहीत. शाळेची तक्रार दवाखान्यात आणि दवाखान्याची चिठ्ठी शाळेत, अशा येरझारा आईबापांनी घालावयाच्या. मुलींची स्थिती तर याहून वाईट. दंगा न करता नुसती हरवलेली मुलगी कोणाच्या ध्यानीही येत नाही.

शासनास हा विकार अपरिचित नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० व्याधींत त्याचा समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मात्र त्याचे स्वतंत्र नाव नाही. पण वर्षातून एकदा शाळेत येणारे पथक डोळे पाहील, दात पाहील; अवधान कसे पाहणार? ते रोज पाहणारा शिक्षकच हवा, आणि तो शिकलेला हवा. अर्धवट ज्ञानाने प्रत्येक चळवळ्या पोरास रोगी ठरविणारा शिक्षक छडी मारणाऱ्याइतकाच घातक होय.

एकदिवसीय शिबिरातून उरते ते प्रमाणपत्र. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘हिपॅटायटिस सी’च्या उपचारांसाठी निराळी वाट काढली. गावोगावचे डॉक्टर ठरल्या वेळी पडद्यावर एकत्र येत, आपापला रुग्ण मांडीत आणि तज्ज्ञांशी चर्चा करीत. बंगळूरच्या ‘निम्हान्स’नेही मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी हीच पद्धत अवलंबिली आहे. मग जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व समुपदेशक आणि दहा शाळांतील शिक्षक यांची, मुलाचे नाव गुप्त ठेवून, अशी मासिक बैठक का होऊ नये?

शिक्षण व आरोग्य या दोन्ही खात्यांनी येत्या जूनपूर्वी निदान एका जिल्ह्यात हा प्रयोग सुरू करावा. नवी इमारत नको, नवे पद नको. शिक्षकांचे महिन्याकाठी दोन तास मोकळे हवेत. ते निवडणुका व सर्वेक्षणे यांच्या कामांतून खुशाल काढून घ्यावेत.