रेडिओवर गाणी आहेत, निवेदक कुठे?

बुरोंडीच्या बंदरावरही गाणी आता मोबाइलवर मिळतात. मग आकाशवाणी लावायची ती निवेदकासाठीच. नेमकी तीच बाजू कच्ची आहे. बराच भार नैमित्तिक उद्घोषकांवर. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी एवढे पार करून काम मिळते महिन्याला जेमतेम सहा दिवस! त्यात घर चालत नाही. चांगला आवाज लग्नसमारंभांच्या सूत्रसंचालनाकडे वळला तर नवल नाही.

हे पूर्वीही महागात पडले आहे. १९५२पासून माहितीमंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोते रेडिओ सिलोनवरच्या अमीन सयानींकडे गेले. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली, गाणीही आली. सयानींची ‘गीतमाला’ मात्र तिथे पोहोचायला १९८९ उजाडले.