पांढरा कागद, पिवळट कागद

गेल्या महिन्यात कॉलेजच्या चाचणी परीक्षेसाठी कागद आणायचं काम माझ्याकडे आलं. यंदा रद्दीपासून पुन्हा तयार केलेला कागद घ्यायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. दुकानदाराने एक पांढराशुभ्र रिम पुढे केला. "मॅडम, हा घ्या. वूडफ्री आहे. यासाठी एक झाडसुद्धा तोडलेलं नाही!"

मी खुशीने दोन रिम उचलले. नंतर चौकशी केली तेव्हा माझं मलाच हसू आलं. कागदाच्या धंद्यात 'वूडफ्री' म्हणजे लाकूड नसलेला कागद नव्हे. लाकडाचा लगदा रसायनांनी शिजवून त्यातलं लिग्निन काढून टाकलं, की त्या कागदाला वूडफ्री म्हणतात. म्हणजे झाड त्यातही असतंच. खरोखर लाकडाशिवायचा कागद हवा असेल, तर पुण्याची हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली सुरू झालेली ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद बनवते. लग्नपत्रिकेला तो शोभून दिसतो. आपण आदिलाबादकर तर कापूस पिकवणारे. ही गोष्ट आपल्याला जवळची वाटावी.

ही फजिती मी वर्गात सांगितली. मुलं हसली. कागजनगरची एक मुलगी तेवढी गप्प होती. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, सगळ्यांनी रद्दीचाच कागद घेतला, तर आमच्या मिलचं काय?"

तिचे वडील सिरपूर पेपर मिलचे कामगार. निजामाच्या काळात, १९३८ साली ही मिल स्थापन झाली आणि कागदावरूनच गावाला कागजनगर हे नाव पडलं. २०१६ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं, आता आसिफाबादमध्ये आहे. २०१४ मध्ये मिल बंद पडली, ती २०१८ मध्ये नव्या मालकांकडे जाऊन पुन्हा सुरू झाली. त्या चार वर्षांत तिचे वडील परगावी मजुरीला गेले आणि ती आजोळी राहून शिकली. तिला काय उत्तर द्यावं, हे मला चटकन सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून घेतलं. म्हटलं, "बाळ, मिल बंद पडली ती पैशाच्या अडचणीने, कुणी कागद वाचवला म्हणून नव्हे. आणि रद्दीलाही मर्यादा आहेच. कागदाचा धागा दर फेरीला आखूड होत जातो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो कामाचा राहत नाही, त्यात नवा लगदा घालावाच लागतो. आता बऱ्याच मिल शेतकऱ्यांनी लावलेली सुबाभूळ, निलगिरी वापरतात. नवा आणि जुना कागद एकमेकांचे वैरी नाहीत. वैर आहे ते उधळपट्टीशी." तिचं पूर्ण समाधान झालं की नाही, कोण जाणे, पण ती हसली.

तेव्हा वाचकहो, कागद घेताना रिमवरची अक्षरं वाचा. 'रिसायकलेबल' म्हणजे पुढे कधीतरी पुन्हा वापरता येईल असा. 'रिसायकल्ड' म्हणजे रद्दीतून आलेला. किती टक्के रद्दी वापरली, तेही पाहा. झेरॉक्ससाठी घेत असाल तर त्यावर 'कॉपियर' लिहिलेलं असावं, नाहीतर यंत्रात अडकायचा. रंग थोडा पिवळट दिसला तर नाक मुरडू नका. शुभ्रपणासाठी ब्लीच आणि चकाकीची रसायनं लागतात. मुलांच्या उत्तरांना त्याची गरज नसते.

आणि खरेदीआधीचं काम घरातच आहे. आपल्या देशातला सुमारे ७० टक्के कागद आणि पुठ्ठा रद्दीतूनच तयार होतो. तरीही आपल्या मिलना परदेशातून जहाजाने रद्दी मागवावी लागते, कारण आपली बरीचशी रद्दी ओल्या कचऱ्यात जाऊन वाया जाते. भाजीच्या देठांत भिजलेल्या वहीचा चांगला कागद होत नाही.

आमच्या सासूबाई बीदरकडच्या. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. कन्नडातही कागद तो कागदच आणि रद्दी ती रद्दीच. कॅलेंडरचं पान उलटलं, की अव्वा ते फाडून मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहितात. लिहायला जागा उरली नाही, की ते पान जिन्याखालच्या कोरड्या खोक्यात जातं. रद्दीवाला आला, की खोकं त्याच्या हवाली. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही.

ते दोन पांढरे रिम आता वापरून संपवायचेच आहेत, अर्थात पाठपोट. पुढच्या चाचणीला मात्र पिवळट कागद येईल. मुलांनी विचारलं, तर सांगायला गोष्ट तयार आहे.