रात्रीचा परवाना कोणाच्या सहीने?

डिसेंबर महिना आला की राज्याच्या गृह विभागाचा एक आदेश निघतो. अलीकडच्या वर्षांत तो जणू रिवाजच होऊन बसला आहे. नाताळ आणि वर्षअखेरीच्या निमित्ताने २४, २५ व ३१ डिसेंबर या तीन रात्री मद्यविक्रीची वेळ वाढविली जाते. एरवी साडेदहाला बंद होणारी विदेशी मद्याची किरकोळ दुकाने मध्यरात्रीनंतर एक वाजेपर्यंत उघडी राहतात. शहरांतील परवाना कक्षांना तर पहाटे पाचपर्यंत मुभा मिळते. कायदा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव ही सवलत आखडती घेण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो. दुकानाच्या माडीवर, शेजारी किंवा समोरच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला मात्र कोणी विचारीत नाही. आणि हे सारे घडते ते ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९’ या नावाच्या कायद्याखाली! परवाने देणाऱ्या कायद्याला बंदीचे नाव आणि विक्रीची वेळ वाढविणाऱ्या आदेशाला लोकांच्या सोयीचे नाव, अशी ही नामकरणाची कला आहे.

तीनच रात्रींचा प्रश्न, त्याचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न रात्रींच्या संख्येचा नाही, निर्णय कोणाच्या हाती आहे याचा आहे. दुकानदाराला अडीच तास जास्त हवे असतील तर एका आदेशाने काम भागते. त्याच वस्तीतील स्त्रियांना तेच दुकान बंद व्हावे असे वाटले, तर त्यांनी काय करावे? २००८ च्या आदेशाने त्यासाठी पद्धत ठरवून दिली. आधी गावातील वा प्रभागातील पंचवीस टक्के मतदार स्त्रियांनी सह्यांचा अर्ज करावयाचा. उत्पादनशुल्क खाते त्या सह्यांची पडताळणी करणार. मग गुप्त मतदान, ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’. आणि बाटली आडवी होण्यासाठी झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. यादीतील एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली पाहिजेत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. समजा, एका प्रभागात दहा हजार स्त्रिया मतदार आहेत. त्यांतील सहा हजार मतदानाला आल्या. चार हजार नऊशे जणींनी दुकानाविरुद्ध आणि अकराशे जणींनी दुकानाच्या बाजूने मत दिले. तरी दुकान जिंकते! जी ऊसतोडीला गेली, जिला खाडा परवडला नाही, जी माहेरी बाळंतपणाला गेली, जिचे नाव मृत्यूनंतरही यादीतून निघाले नाही, त्या सर्वांची मते दुकानदाराच्या खात्यात जमा होतात. या मोजपट्टीने मोजले तर विधानसभेतील किती आमदारांना आपली जागा टिकविता येईल? राज्य करण्यासाठी झालेल्या मतांत सर्वांत जास्त मते मिळविली की पुरते. दारूचे दुकान हलविण्यासाठी मात्र मृतांचेही मत मिळवावे लागते.

आमच्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, दुकाने बंद केली की हातभट्टी फोफावते. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली दारूबंदी मे २०२१ मध्ये उठविताना हेच कारण पुढे करण्यात आले. बंदीची अंमलबजावणी फसते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली ती मुंबईत, मालवणीच्या झोपडपट्टीत. परवानाधारक दुकानांची जेथे वाण नाही अशा शहरात. हातभट्टी जगते ती पोलीस व उत्पादनशुल्क खात्याच्या डोळेझाकीवर. परवान्यांची संख्या वा विक्रीची वेळ वाढवून ती मरत नाही.

दुसरा आक्षेप महसुलाचा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील करवाढीचा निर्णय घेतला, तेव्हा त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगण्यात आला. योजनांचा खर्च भागवावयाचा असल्यामुळे शासन दुकानाच्या गल्ल्याकडे डोळे लावून बसते. या गल्ल्यात पगाराच्या दिवशी पडणारी नोट कोणाच्या घरातून येते, हे सांगण्याची गरज नाही. एका हाताने बहिणीला द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने तिच्या नवऱ्याकडून वसूल करावयाचे, या व्यवहाराला कल्याणकारी राज्य म्हणता येत नाही. राज्यघटनेचे ४७ वे कलम शासनाला याच्या नेमके उलट कर्तव्य सांगते.

आम्ही येथे सरसकट दारूबंदीची मागणी करीत नाही. मागणी आहे ती स्थानिक लोकसत्तेची, आणि तिला देशाच्या कायद्यातच आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार दिला. जो अधिकार धानोऱ्याच्या ग्रामसभेला शोभतो, तो धारावीच्या वस्तीला का शोभू नये? १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी पालिकेकडे लेखी विरोध नोंदविला होता. परक्या राजवटीत एक सभासद जे करू शकला, ते स्वराज्यातील नगरसेवकांना जमू नये, हे लाजिरवाणे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विक्रीची वेळ वाढविण्यापूर्वी प्रभागसभेची वा ग्रामसभेची संमती घेतली जावी. दुकान बंद करण्याच्या मतदानात, झालेल्या मतांचे साधे बहुमत निर्णायक मानले जावे. रात्री एक वाजेपर्यंत गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या नोकराला जादा कामाचे दुप्पट वेतन आणि घरी पोहोचण्याची सोय मिळावी; तोही श्रमिकच आहे.

कार्यकर्त्यांनी डिसेंबरची वाट पाहू नये. आपल्या प्रभागातील परवान्यांची यादी माहितीच्या अधिकाराखाली आजच मागवावी. मतदारयाद्या तपासून मृतांची व स्थलांतरितांची नावे वगळण्याचे अर्ज भरावेत, कारण दुकानदाराची खरी मतपेढी तेथेच आहे. आणि घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारावा : तुमच्या दारातल्या दुकानाची वेळ मंत्रालयाने ठरवावी, की तुम्ही?