हिंजवडीला अजून एक पूल हवा म्हणे!

दर पावसाळ्यात ऑफिसच्या ग्रुपवर तोच पिक्चर लागतो. तुंबलेल्या हिंजवडीचा फोटो, खाली चार शिव्या, आणि शेवटी ठरलेला तोडगा: "एक फ्लायओव्हर टाका राव, विषय संपवा!"

विषय संपत नाही, मंडळी. विद्यापीठ चौकात पूल होते की! जेमतेम दीड दशक टिकले. 2020 मध्ये मेट्रोच्या आड येतात म्हणून पाडले आणि त्याच जागी नवा दुमजली पूल बांधायला घेतला. आपल्याकडे एखाद्यानं असा कोड लिहिला असता तर त्याचं अप्रेझल काय झालं असतं?

मूळ घोळ रस्त्याच्या रुंदीत नाहीये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमआयडीसीनं इथे आयटी पार्क काढलं. एमआयडीसीचं काम काय, तर कंपन्यांना प्लॉट, पाणी आणि आतले रस्ते देणं. इथे कामाला येणारी माणसं रात्री झोपणार कुठे, त्यांची पोरं कुठल्या शाळेत जाणार, हा प्रश्न त्यांच्या फायलीत नव्हताच. पार्कबाहेर हिंजवडी, माण, मारुंजी अशा ग्रामपंचायती. त्यांच्यावर 2015 मध्ये पीएमआरडीए आलं. वाकडला पिंपरी-चिंचवड महापालिका, बाणेरला पुणे महापालिका, आणि मधला हायवे महामार्ग प्राधिकरणाचा. घर ते ऑफिस दहा किलोमीटर, पण मालक किती ते मोजा! नोकऱ्या एकानं आणल्या, घरांना परवानगी दुसऱ्यानं दिली, आणि दोन्ही जोडायचं काम कुणाचंच नव्हतं. शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर 2018 मध्ये. तोवर एक अख्खी पिढी इथे फ्रेशरची मॅनेजर झाली होती.

पुण्याचंही तेच. जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 चा विकास आराखडा सरकारनं मंजूर केला 2017 च्या जानेवारीत. म्हणजे अर्धी मुदत कागदावरच गेली. बिल्डर थोडाच थांबतो? टॉवर उभा राहतो, नकाशातला रस्ता मात्र कुणाच्या तरी शेतापाशी येऊन संपतो.

रस्ते वाढवून काय होतं हे डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकन शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलंय. तिथे लेन जितक्या प्रमाणात वाढल्या, गाड्यांचा प्रवासही साधारण तितकाच वाढला. मोकळा रस्ता दिसला की जो आधी बसनं जायचा, किंवा जवळ घर शोधायचा, तो गाडी काढतो. साधा हिशेब करा. पन्नास गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर किमान अडीचशे-तीनशे मीटरची रांग लागते. तीच पन्नास माणसं एका बारा मीटरच्या बसमध्ये बसतात. आणि आपण काय केलं? 2006 च्या डिसेंबरमध्ये देशात पहिल्यांदा बीआरटी सुरू केली, ती धड पूर्ण केली नाही, आणि पुढे नगर रस्त्यावरची तर उखडायलाही घेतली. बसच्या लेनमध्ये आपली गाडी जात नाही, हे आपल्याला बघवत नव्हतं ना!

हो, आपल्यालाच. नेत्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण फ्लॅट बघायला गेल्यावर "दुसरं पार्किंग मिळेल का?" हे विचारणारे कोण? एक पार्किंग अडीच बाय पाच मीटर, त्यात रॅम्प आणि गाडी वळवायची जागा धरली की पंचवीसच्या आसपास चौरस मीटर. दोन गाड्यांच्या जागेत एक छोटा वनबीएचके सहज बसतो. नियमच आहे की इमारतीत इतकी पार्किंग हवीतच, त्यामुळे ज्याच्याकडे गाडी नाही तोही घराच्या किमतीत त्याचे पैसे भरतो. डोनाल्ड शूप या प्राध्यापकानं 2005 मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपण 2018 मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं नुसतं म्हटलं, तर एवढा गदारोळ झाला की ते धोरण पाच रस्त्यांपुरतं छाटलं.

आणि सोसायटीच्या भिंती? मागच्या गल्लीतला किराणा हाकेच्या अंतरावर, पण मागचं गेट सिक्युरिटीसाठी कायम बंद. मग दुधाच्या पिशवीसाठी स्कूटर काढायची, मेन रोडला यायचं, यू-टर्न घ्यायचा. असे शंभर लोक मिळून जो ट्रॅफिक होतो तो कुठल्या पुलावरून नेणार? पेठेतला माणूस चालत जातो, कारण तिथे गल्लीला गल्ली जोडलेली आहे. त्या चालण्यातच शेजारी भेटतात, भाजीवाली ओळखते. आपल्याला शेजारी भेटतो तो लिफ्टमध्ये, मोबाईलमध्ये डोकं घातलेला.

आपण निदान एसीत बसून वैतागतो. स्वयंपाकाच्या मावशी आणि वॉचमन काका त्याच रस्त्याच्या कडेनं, फुटपाथ नाही म्हणून गाड्यांना अंग चोरून चालतात. त्यांचा फोटो ग्रुपवर येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सह्यांची मोहीम काढाल, तेव्हा पूल मागू नका. हिंजवडी ते वाकड सलग फुटपाथ मागा. बससाठी एक लेन मागा, आणि त्यात आपली गाडी घातली तर दंडही मागा. नव्या टॉवरला परवानगी देताना समोरचा रस्ता आणि शाळेची जागा ताब्यात आहे का, हे विचारा. आणि येत्या सोसायटी मीटिंगमध्ये मागचं गेट सकाळ-संध्याकाळ उघडायचा ठराव मांडा. त्याला तर कुठल्या मंत्र्याची सहीसुद्धा लागत नाही.