भाडेकरू क्लब

हैदराबाद एफसी ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीला गेला आणि 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' झाला. नल्लकुंट्याच्या चहाच्या टपरीवर त्याची साधी चर्चाही झाली नाही. तसा हा संघ आपल्याकडेही बाहेरूनच आलेला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादला संघ मिळाला. म्हणजे सहा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली! बदलीची नोकरी करणारा माणूससुद्धा इतक्या लवकर गाशा गुंडाळत नाही.

लोक म्हणतात, हैदराबादला फुटबॉलचं वेडच नाही, मग क्लब टिकणार कसा? हे मला मान्य नाही. रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्याच हाताखाली भारताने 1962 मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 हरवून आशियाई सुवर्ण मिळवलं. टीव्हीचा तेव्हा संबंधच नव्हता. खेळ होता, संघ होता आणि संघाला गाव होतं.

मग आता काय बिघडलं? माझ्या मते उत्तर मैदानात नाही, प्रक्षेपणाच्या हक्कांच्या करारात आहे.

डिसेंबर 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले सगळे व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी, 700 कोटी रुपयांना, आयएमजी-रिलायन्सला देऊन टाकले. त्यातून 2014 मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. लीग चालवणाऱ्या कंपनीत रिलायन्सच्या जोडीला स्टार इंडियाही भागीदार होती आणि मॅचेस दिसायच्या स्टारच्याच चॅनेलवर. 2023 नंतर हक्क गेले ते व्हायाकॉम 18 कडे, म्हणजे पुन्हा रिलायन्सच्याच गोटात. आता बघा, विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरातले असतील तर मालाचा खरा भाव कळणार कसा?

तो कळला करार संपत आला तेव्हा. नवा करार होईना म्हणून जुलै 2025 मध्ये पुढचा हंगाम बेमुदत लांबणीवर पडला. ऑक्टोबरमध्ये महासंघाने निविदा काढली, पुन्हा 15 वर्षांचीच! 7 नोव्हेंबरची मुदत संपली आणि बोली आली नाही. एकसुद्धा नाही. त्याच देशात क्रिकेटच्या आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 2022 मध्ये 48,390 कोटींना गेले होते.

इंग्लंडची प्रीमियर लीग 1992 मध्ये सुरू झाली तीही टीव्हीच्या पैशावरच. पण तिथे लीगचे मालक क्लबच. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशातला निम्मा वाटा सगळ्यांना सारखा, पाव वाटा गुणतक्त्यातल्या क्रमांकावर आणि पाव किती मॅचेस टीव्हीवर दाखवल्या त्यावर, असा हिशेब ठरला. क्लबांना शहरं, स्टेडियम, पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक आधीपासून होते. टीव्ही नंतर आला. आपल्याकडे आधी चॅनेल, मग लीग आणि शेवटी क्लबाला गाव शोधायचं. घर बांधायच्या आधीच तोरण!

हैदराबाद एफसीचंच उदाहरण घ्या. 20 मार्च 2022 ला फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हा संघ विजेता झाला. गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या. कोरोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यात झाला, आपण तो टीव्हीवरच पाहिला. टीव्हीमुळे पाहता आला, हे उपकार नाकारत नाही. खेळाडूंना बरे पगार मिळाले, चांगली मैदानं मिळाली, हेही खरं. पण पडद्यावरच्या विजेतेपदाने क्लबाची तिजोरी भरली नाही. दोन वर्षांच्या आत खेळाडूंचे पगार थकले, चांगली माणसं सोडून गेली, मालक बदलले आणि शेवटी शहरही बदललं. ज्यांनी त्या क्लबाचे पिवळे शर्ट घेतले होते, त्यांना कुणी विचारलं?

म्हणून पुढचे करार कुणाशीही होवोत, त्यांत तीन गोष्टी हव्यात. सगळे हक्क एकाच्या हातात 15 वर्षं देऊ नयेत. तीन-चार वर्षांचे, उघड बोलीने द्यावेत. मिळेल त्या पैशात क्लबांचा समान वाटा आधी ठरवावा, मग तो लहान का असेना. आणि क्लबाला शहर सोडायचं असेल तर त्या शहराच्या प्रेक्षकांना आणि राज्य संघटनेला बोलायचा हक्क असावा.

राहता राहिलो आपण. चेल्सी-आर्सेनलसाठी मध्यरात्रीपर्यंत जागणारे आपल्या कॉलेजात काय कमी आहेत? आय-लीगमध्ये खेळत आलेला श्रीनिदी डेक्कन आपल्याच शहराचा क्लब आहे. त्याच्या किती मॅचेसना आपण गेलो? टीव्हीवाला स्टँडमधली गर्दी मोजूनच बोली लावतो. निदान ती गर्दी तरी आपल्या हातात आहे.